टॅब बंद केला, हे सर्व्हरला कोण सांगतं?

तिकीट काढताना आसनांच्या नकाशात एखादी जागा राखाडी दिसते, म्हणजे ती कोणीतरी धरून ठेवलेली असते. थोड्या वेळाने पुन्हा पाहावं तर तीच जागा मोकळी. मधल्या वेळात तिचं तिकीट निघालेलं नसतं आणि रद्दही झालेलं नसतं. दुसरा अनुभव याहून त्रासदायक. ऑनलाइन परीक्षा चालू असताना ब्राउझर बंद पडतो, घाईघाईने पुन्हा लॉगिन करायला जावं तर पडद्यावर येतं, 'तुम्ही आधीच दुसरीकडे लॉगिन आहात.' माणूस तर त्याच जागी, त्याच संगणकासमोर बसलेला असतो.

दोन्हीकडे घोळ एकाच गोष्टीचा आहे. माणूस निघून गेला हे वेबवरच्या अ‍ॅप्लिकेशनला कसं कळतं, आणि तो गेल्यावर मागची आवराआवर कोण करतं? धरलेली जागा सोडायची, तात्पुरत्या फायली पुसायच्या, 'लॉगिन आहे' ही खूण काढायची, अशी ही कामं. ती करणाऱ्या कोडला क्लीनअप कोड म्हणतात. वेब प्रोग्रामिंग शिकायला लागलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, की 'युजर गेला की हे चालव' असं लिहायची जागा कोणती? उत्तरादाखल बहुतेक वेळा एखाद्या फंक्शनचं नाव सांगितलं जातं आणि विषय तिथेच संपतो. मला ते उत्तर अपुरं वाटतं. त्या एका फंक्शनवर विसंबून बांधलेली कामंच पुढे अडकलेल्या जागा आणि लटकलेली लॉगिनं होऊन लोकांच्या वाट्याला येतात.

## जाण्याची बातमी येतच नाही

ब्राउझर आणि सर्व्हर, म्हणजे पलीकडचा माहिती पुरवणारा संगणक, एचटीटीपी नावाच्या नियमांनी बोलतात. या नियमांत प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. ब्राउझर काहीतरी मागतो, सर्व्हर देतो, व्यवहार संपला. पुढची विनंती त्याच माणसाची आहे की दुसऱ्या कोणाची, हे त्या नियमांतून कळत नाही. ही अडचण सोडवायला १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकीची युक्ती काढली. सर्व्हर पहिल्या उत्तरासोबत एक छोटी खूण पाठवतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीला जोडतो. एकच खूण असलेल्या विनंत्या एकत्र धरून सर्व्हर त्या माणसाबद्दल जे काही लक्षात ठेवतो, त्याला सेशन म्हणतात.

याला पत्रव्यवहाराची उपमा चपखल बसते. समोरून पत्रं येत राहतात, आपण उत्तरं देत राहतो, आणि प्रत्येक पत्रावर तोच संदर्भ क्रमांक असल्यामुळे धागा जुळतो. मग एके दिवशी पत्र येणं थांबतं. समोरचा रागावला, आजारी पडला, गाव सोडून गेला की सवडीने लिहिणार आहे, यातलं काहीच पत्र न येण्यावरून कळत नाही. आपल्या हातात एवढंच उरतं, की अमुक दिवस वाट पाहायची आणि मग फाइल बंद करायची.

सर्व्हरची स्थिती नेमकी हीच असते. टॅब बंद झाला, फोनची बॅटरी संपली, गाडी बोगद्यात शिरली, किंवा माणूस उघडलेलं पान निवांत वाचत बसला, तरी सर्व्हरला दिसतं ते एकच: पुढची विनंती आली नाही. लॉगआउटचं बटण दाबलं तर गोष्ट वेगळी, पण ते सगळेच दाबत नाहीत. एरवी सेशन संपलं हे सर्व्हर अनुमानानेच ठरवतो, आणि तेही माणूस गेल्यानंतर बऱ्याच वेळाने.

## वाट किती पाहायची, आणि मोजतं कोण

या वाट पाहण्याच्या मुदतीला टाइमआउट म्हणतात. प्रत्येक तंत्रज्ञानाची मूळ मुदत वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटं, जावासाठी वापरल्या जाणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरमध्ये ३० मिनिटं, पीएचपी या वेबसाठीच्या भाषेत १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं. पायथन भाषेतल्या जँगो या चौकटीत सेशनच्या कुकीचं वय दोन आठवडे धरलेलं असतं. या आकड्यांत पवित्र असं काही नाही. बनवणाऱ्यांनी सोयीने ठरवलेले हे आकडे आहेत आणि ते बदलता येतात.

मुदत संपली की त्याच क्षणी कोणी येऊन सेशन पुसतं, असा समज असतो. तसं होत नाही. टॉमकॅट आपल्याकडची सेशन्स साधारण मिनिटातून एकदा तपासतो. पीएचपीची रीत आणखी वेगळी आहे. त्याच्या मूळ मांडणीत, कोणीतरी सेशन सुरू करत असताना शंभरात एक अशा शक्यतेने जुन्या सेशन्सची झाडलोट होते. म्हणजे आपण सोडून गेलेलं सेशन कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या भेटीच्या निमित्ताने पुसलं जातं. साइटवर कोणी फिरकलंच नाही तर ते तसंच पडून राहतं. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ही शक्यता शून्यावर ठेवून ते काम ठरावीक वेळी चालणाऱ्या वेगळ्या कामाकडे सोपवलेलं असतं. जँगोमध्ये डेटाबेसात साठलेली जुनी सेशन्स पुसायची आज्ञा आहे, पण ती आपण स्वतः वेळोवेळी चालवायची असते. ती चालवलीच नाही तर टेबल फुगत जातं.

## 'सेशन एंड' नावाचं फंक्शन तर असतं ना?

असतं. एएसपी डॉट नेटच्या जुन्या चौकटीत, जी २००२ साली आली, ग्लोबल नावाच्या फाइलमध्ये 'सेशन एंड' लिहिता येतं. जावाच्या सर्व्हलेट या वेबसाठीच्या मांडणीत 'सेशन डिस्ट्रॉइड' ऐकणारा लिसनर, म्हणजे ती घटना घडली की चालणारा कोड, लावता येतो. नावं वाचून वाटतं, की माणूस गेला की हे चालणार. या भरवशाला अटी किती आहेत ते पाहा.

एएसपी डॉट नेटचं 'सेशन एंड' फक्त सेशन सर्व्हरच्या त्याच प्रोसेसच्या मेमरीत ठेवलेलं असेल तरच चालतं. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम. वापर वाढला, एकाऐवजी चार सर्व्हर लावले आणि सगळ्यांना दिसावं म्हणून सेशन डेटाबेसात हलवलं, की हे फंक्शन मुकाट्याने बंद होतं. कुठे त्रुटी दिसत नाही, इशारा मिळत नाही, आवराआवर तेवढी थांबते. शिवाय ते चालतं तेव्हा समोर कुठलीही विनंती नसते, कारण माणूस वीस मिनिटांपूर्वीच गेलेला असतो. त्यामुळे कुकी वाचणं, दुसऱ्या पानावर पाठवणं, निरोप दाखवणं यातलं काहीच तिथून करता येत नाही. 'सेशन संपलं की लॉगिनच्या पानावर पाठव' असा कोड तिथे लिहून तो का चालत नाही म्हणून डोकं धरणारे नवशिके पुष्कळ भेटतात. त्यात त्यांचा दोष नाही, नावच तशी अपेक्षा निर्माण करतं. एएसपी डॉट नेट कोअर या नव्या आवृत्तीत हे फंक्शन ठेवलेलंच नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो.

आता बरीच सेशन्स रेडिस या झटपट साठवणुकीत ठेवतात. तिथे प्रत्येक नोंदीला मुदत लावता येते आणि मुदत संपल्याची सूचनाही मिळवता येते. मग तिच्यावर आवराआवर बांधायची का? रेडिसची सूचना मुदत संपते तेव्हा निघत नाही, नोंद प्रत्यक्ष पुसली जाते तेव्हा निघते, आणि या दोन्हींत अंतर पडू शकतं. त्यातही ऐकणारा प्रोग्राम त्या क्षणी जोडलेला नसेल तर सूचना हरवते आणि पुन्हा येत नाही.

## ब्राउझरलाच कळवायला सांगितलं तर?

हा आक्षेप सयुक्तिक आहे. माणूस पान बंद करतोय हे ब्राउझरला तर कळतं, मग त्याने जाता जाता सर्व्हरला निरोप द्यावा. त्यासाठी 'अनलोड' नावाची घटना फार पूर्वीपासून आहे आणि अनेक जण तिच्यात लॉगआउटचा कोड घालतात.

अडचण अशी, की फोनवर माणूस सहसा पान बंद करतच नाही. तो दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, आणि थोड्या वेळाने मेमरी कमी पडली की फोनची ऑपरेटिंग सिस्टिम मागचा ब्राउझर परस्पर मारून टाकते. तेव्हा 'अनलोड' चालत नाही. संगणकावर ते सहसा चालतं, पण पान ताजं केलं तरी चालतं आणि त्याच साइटच्या दुसऱ्या पानावर गेलं तरीही. जाणं आणि तिथल्या तिथे फिरणं यांत त्याला फरक करता येत नाही. याशिवाय एक छुपी किंमत आहे. मागे जा हे बटण दाबल्यावर पान लगेच दिसावं म्हणून ब्राउझर जुनं पान जसंच्या तसं बाजूला ठेवतात. पानात 'अनलोड' असेल तर संगणकावरचे क्रोम आणि फायरफॉक्स ही सोय त्या पानाला देत नाहीत.

त्याहून बरा मार्ग आहे. पान नजरेआड गेलं की 'व्हिजिबिलिटी चेंज' ही घटना मिळते. फोनवर भरवशाने मिळणारी हीच शेवटची खूण. त्या क्षणी 'सेंड बीकन' या सोयीने छोटासा निरोप पाठवता येतो. पान बंद झालं तरी ब्राउझर तो मागाहून पोचवायचा प्रयत्न करतो. अर्धवट लिहिलेला मजकूर जपायला किंवा वापराची नोंद घ्यायला हे उत्तम आहे. पण नजरेआड जाणं म्हणजे निघून जाणं नव्हे. बँकेचा ओटीपी पाहायला मेसेज उघडणारा माणूस परत येणारच असतो. त्याची धरलेली जागा तेवढ्यात सोडून दिली तर चूक आपली. आणि वीज गेली, नेटवर्क तुटलं तर कुठलाच निरोप निघत नाही.

सतत उघडी राहणारी जोडणी, म्हणजे वेबसॉकेट, वापरली तर? रीतसर बंद केली तर ती बंद झाल्याचं कळतं. नेटवर्क अचानक गेलं तर मात्र दुसऱ्या टोकाला शांतताच असते. म्हणून तिथेही ठरावीक वेळाने 'आहेस का?' असं विचारावं लागतं आणि उत्तर न आल्यास काही काळाने हात टेकावे लागतात. पुन्हा तीच वाट पाहणं, फक्त थोडी लहान.

## अ‍ॅप्लिकेशनच थांबतं तेव्हा

इथे तरी शेवट आपल्या हातात असतो असं वाटतं, आणि काही प्रमाणात ते खरं आहे. नवी आवृत्ती बसवताना जुनी प्रोसेस थांबवावी लागते. लिनक्सवर तिला आधी सिगटर्म नावाचा सिग्नल जातो. त्याचा अर्थ, 'आवरून घे आणि बंद हो.' ठरलेल्या वेळात ती बंद झाली नाही तर सिगकिल जातो, आणि तो प्रोग्रामला अडवता येत नाही की ऐकूही येत नाही. या दोहोंमध्ये मिळणारी सवलत प्रोग्राम चालवणाऱ्या-थांबवणाऱ्या साधनांत वेगवेगळी: डॉकरमध्ये ती मुळात १० सेकंद असते, कुबरनेटिसमध्ये ३० सेकंद आणि सिस्टिमडीमध्ये ९० सेकंद.

तेवढ्या वेळात करायची कामं ठरलेली आहेत. नव्या विनंत्या घेणं थांबवा, हातातल्या पूर्ण करा, लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, लिहायचं राहिलेलं लिहून टाका, डेटाबेसच्या जोडण्या नीट बंद करा. जावात यासाठी शटडाउन हुक असतो, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये सिग्नल ऐकता येतो, पायथनमध्ये 'अ‍ॅटएक्झिट' आहे. पायथनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. सिगटर्म आला आणि तो तुम्ही स्वतः हाताळला नसेल, तर 'अ‍ॅटएक्झिट'मध्ये नोंदवलेलं काहीच चालत नाही.

विंडोजच्या आयआयएस सर्व्हरचं वागणं कळलं नाही तर फारच गोंधळ होतो. मूळ मांडणीत २० मिनिटं कोणीच आलं नाही तर तो अ‍ॅप्लिकेशनची प्रोसेस बंद करतो, आणि शिवाय दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, ती नव्याने सुरू करतो. सेशन मेमरीत असतील तर त्या वेळी सगळी जातात. लोक सांगतात, की दर थोड्या दिवसांनी भलत्याच वेळी सगळे एकदम लॉगआउट होतात. हा २९ तासांचा फेरा रोज पाच तास पुढे सरकतो, म्हणून वेळ कधीच जुळत नाही आणि कारण सापडत नाही.

आणि मेमरी संपल्यामुळे लिनक्सने प्रोसेस मारली, मशीन बंद पडलं, वीज गेली, तर यातलं काहीही चालत नाही. शेवटी चालणारा कोड सगळं सुरळीत असताना चालतो. आवराआवरीची खरी गरज मात्र सगळं बिघडलेलं असताना असते.

## आधी हे पाहा, की आवरायचं काय आहे

इथे थोडा धीर येतो. प्रोसेस कशीही मेली तरी तिची मेमरी, उघडलेल्या फायली आणि नेटवर्कच्या जोडण्या ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः परत घेते. डेटाबेसात अर्धवट राहिलेला व्यवहार, म्हणजे एकत्रच पूर्ण व्हायच्या बदलांचा गट, असेल तर जोडणी तुटल्याचं कळताच डेटाबेस तो मागे फिरवतो. या गोष्टींसाठी रात्र जागवायचं कारण नाही.

'कळताच' या शब्दात मात्र एक खाच आहे. प्रोसेस मेली तर तिच्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम जोडणी बंद करून डेटाबेसला कळवते. अख्ख्या मशीनचीच वीज गेली तर कळवायला कोणी उरत नाही. लिनक्सच्या मूळ मांडणीत अशा गप्प पडलेल्या जोडणीची पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तोवर त्या व्यवहाराने डेटाबेसातल्या नोंदींवर लावलेली कुलपं तशीच राहू शकतात. म्हणून डेटाबेसाकडे ही मुदत कमी करून ठेवावी.

खरी चिंता प्रोसेसच्या बाहेर उरणाऱ्या गोष्टींची. डेटाबेसात कायम लिहिलेली 'ही जागा धरली आहे' अशी नोंद, डिस्कवरच्या तात्पुरत्या फायली, 'हा माणूस लॉगिन आहे' ही खूण, दुसऱ्या कंपनीच्या सेवेत अर्धवट सुरू केलेलं काम. या गोष्टी माणूस गेल्यानंतरही राहतात आणि अ‍ॅप्लिकेशन बंद पडल्यानंतरही. यादी करायची तर फक्त यांची करा.

## धरतानाच मुदत लिहा

इथे संगणकशास्त्रात एक जुनी, सिद्ध झालेली रीत आहे. १९८९ मध्ये कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी तिला लीज या नावाने मांडलं. एखादी गोष्ट कोणाला देताना कायमची देऊ नये, मुदतीपुरती द्यावी. घेणाऱ्याने मुदत वाढवून घेतली नाही तर ती आपोआप सुटते. परत करायला कोणी येईल यावर काहीच अवलंबून राहत नाही. आपल्या फोनला वायफायवर मिळणारा आयपी पत्ताही सहसा असाच मुदतीने मिळालेला असतो.

आता सुरुवातीची राखाडी जागा जवळून पाहू. समजा बी-१२ ही जागा कोणी १० वाजून ५ मिनिटांनी निवडली. डेटाबेसात त्या जागेच्या ओळीत दोन गोष्टी लिहिल्या: धरणाऱ्या सेशनचा क्रमांक आणि 'मुदत १०:१५'. १०:०६ ला त्या माणसाने टॅब बंद केला. सर्व्हरला काही कळलं नाही. १०:०९ ला तो सर्व्हरच बंद पडला आणि त्याच्या जागी दुसरा आला. त्या सेशनची या नव्या सर्व्हरला गंधवार्ता नाही. १०:१५ झाले. कुठलाही कोड चालला नाही, कोणी काही पुसलं नाही. १०:१६ ला दुसऱ्या एका बाईंनी आसनांचा नकाशा उघडला. नकाशासाठी डेटाबेसाला विचारलेल्या प्रश्नात अट आहे, की जागा विकलेली नसेल, आणि एक तर धरलेली नसेल किंवा धरल्याची मुदत उलटली असेल, तर ती मोकळी. बी-१२ मोकळी दिसली. त्यांनी निवडली तेव्हा जुन्या सेशनच्या क्रमांकावर नवा क्रमांक आणि नवी मुदत लिहिली गेली.

शेवटी चालवायचा कोड यात कुठेच नाही. जागा सुटली की नाही हे सोडताना ठरलं नाही, पाहताना ठरलं. हा एक बदल केला की मघापासूनच्या बहुतेक अडचणी गैरलागू होतात. मुदत मोजताना वेळ मात्र डेटाबेसाच्याच घड्याळाची घ्यावी. चार सर्व्हरची चार घड्याळं काही सेकंदांनी पुढेमागे असतातच.

जुन्या ओळी आणि फायली साठत जातात, त्यासाठी दर काही मिनिटांनी चालणारं एक वेगळं झाडलोटीचं काम ठेवावं. ते एखाद्या रात्री चाललं नाही तर थोडी जागा वाया जाते, कोणाचं तिकीट अडत नाही. ते दोनदा चाललं तरी बिघडायला नको. पुसायला गेलं आणि फाइल आधीच नाही, तर ते यश समजावं, त्रुटी नव्हे.

## मुदत संपता संपता पैसे आले तर?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न, आणि तो ग्राहकाच्या पैशाचा असल्यामुळे त्याला नीट उत्तर हवं. माणूस १०:१४:५० ला पैसे भरायला बँकेच्या पानावर गेला. पैसे भरल्याची पावती सर्व्हरकडे आली १०:१५:३० ला. मधे मुदत संपली.

पहिली खबरदारी अशी, की पैसे भरायला पाठवतानाच मुदत वाढवून द्यावी, आणि बँकेच्या पानाला जेवढा वेळ मिळतो त्याहून थोडी जास्तच. दुसरी, जागा पक्की करताना आधी वाचून मग लिहू नये. एकाच आज्ञेत सांगावं: 'बी-१२ अजून याच सेशनच्या नावावर असेल आणि विकलेली नसेल, तरच विकलेली कर.' मुदत उलटली तरी मधे दुसऱ्या कोणी जागा घेतली नसेल तर नाव तेच असतं आणि तिकीट बिनधास्त द्यावं. घेतली असेल तर आज्ञा एकही ओळ बदलत नाही. तेवढ्यावरून कळतं, आणि पैसे परत पाठवायचं काम त्याच क्षणी डेटाबेसात नोंदवावं. त्या नोंदीतून पुढे वेगळी प्रोसेस पैसे परत करते. 'आत्ता लगेच परत करून टाकू' असं मेमरीत धरून ठेवलं आणि नेमका तेव्हाच सिगकिल आला, तर ते पैसे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

## लटकलेल्या लॉगिनचं काय करायचं?

परीक्षेच्या उदाहरणातली चूक माझ्या मते नियमातच आहे. 'आधीचं लॉगिन संपेपर्यंत नवं नको' असा नियम केला, की आधीचं कधी संपलं हे कळणं भाग पडतं, आणि ते तर कळत नाही. नियम उलटा करावा: पासवर्ड बरोबर असेल तर नव्या लॉगिनला जागा द्या आणि जुनं सेशन रद्द करा. एका वेळी एकच हा हेतू तसाच साधतो आणि बंद पडलेल्या ब्राउझरची शिक्षा विद्यार्थ्याला होत नाही. जुन्या जागी खरंच दुसरा कोणी बसला असेल तर त्याची पुढची विनंती नाकारली जाते आणि तीच नोंद तपासायला उपयोगी पडते.

'आत्ता कोण कोण हजर आहे' असं दाखवायचंच असेल तर पानाने दर थोड्या वेळाने एक छोटी विनंती पाठवावी. तिला हार्टबीट म्हणतात. पण तिचे ठोके फार जवळ धरू नयेत. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या क्रोम ८८ पासून, पाच मिनिटांहून जास्त वेळ नजरेआड असलेल्या टॅबमधले टायमर मिनिटातून एकदाच चालू दिले जातात. दहा सेकंद ठोका चुकला म्हणून माणसाला 'गेला' ठरवणारी साइट अशा वेळी हजर माणसाला बाहेर काढते. हार्टबीटने लॉगिनची मुदत वाढवणंही टाळावं. नाहीतर उघड्या पडलेल्या टॅबमुळे सेशन अनंतकाळ चालू राहतं.

## मग शेवटचा कोड लिहूच नये का?

लिहावा, फक्त त्याच्याकडून अपेक्षा बेताची ठेवावी. लॉगआउट दाबलं की धरलेली जागा तिथल्या तिथे सोडावी, म्हणजे दुसऱ्याला दहा मिनिटं थांबावं लागत नाही. पान नजरेआड गेलं की मसुदा पाठवून ठेवावा. सिगटर्म आला की हातातल्या विनंत्या पूर्ण कराव्यात. असा कोड चालला तर लोकांचा वेळ वाचतो, नाही चालला तर मुदत आपलं काम करते. तपासायची रीतही सरळ आहे. चाचणीच्या सर्व्हरवर, व्यवहार अर्ध्यात असताना, प्रोसेसला थेट सिगकिल द्या. मुदतीएवढा वेळ जाऊ द्या आणि काय अडकून राहिलं ते पाहा. जे अडकलं, त्याची मुदत लिहायची राहून गेली आहे.

## आणि लॉगआउटचं बटण

निरोप स्वच्छ पोचतो असा हा एकच मार्ग, म्हणून त्याचा मान राखायला हवा. लॉगआउट म्हणजे ब्राउझरमधली कुकी पुसणं एवढंच नाही. सर्व्हरकडचं सेशनही रद्द व्हायला हवं, नाहीतर ती खूण आधीच कोणी चोरली असेल तर त्याचं काम चालूच राहतं. काही साइट सेशनऐवजी सही केलेलं टोकन वापरतात. त्यात माणसाची ओळख आणि मुदत दोन्ही लिहिलेली असते आणि सर्व्हर कुठल्याही यादीत न पाहता ते मान्य करतो. तिथे लॉगआउट केल्यावर फक्त ब्राउझरकडची प्रत जाते, टोकन स्वतःच्या मुदतीपर्यंत चालतं. म्हणून अशा टोकनची मुदत काही मिनिटांचीच ठेवावी आणि ते नवं करून देताना सर्व्हरने यादी तपासावी.

वापरणाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. ब्राउझर बंद केला की लॉगिन जातं हे आता गृहीत धरता येत नाही. 'जिथे सोडलं तिथून सुरू कर' ही सोय चालू असेल तर ब्राउझर टॅबांबरोबर सेशनच्या कुकीही परत आणतात. अनेकांच्या वापरातल्या संगणकावर काम केलं असेल तर खिडकी बंद करून उठू नका, लॉगआउट दाबा. नाहीतर सर्व्हर त्या साइटच्या मुदतीप्रमाणे वीस मिनिटं किंवा दोन आठवडे वाट पाहतो, आणि तेवढ्या काळात जो कोणी तो ब्राउझर उघडेल त्याला तुम्हीच समजतो.